घागरीचं बूड

घागर पालथी घालायची नाही म्हणजे नाही. केवळाबाई दारात आडवी उभी होती आणि पाण्यानं भरलेली ती घागर तिनं लेकरासारखी कडेवर घेतली होती.

"अगं, घटकाभराचा तर सवाल हाय," शिवप्पा म्हणाला.

"घटकाभर न्हाई अन् पळभर न्हाई. मयताच्या दिवशी पालथी पडती घागर. दुष्काळ काय कमी पडलाय, ते वरून हे आवतण देता?"

शिवप्पा म्हणजे लातूरच्या गोलाई बाजारातला नावाजलेला पत्रेवाला, दिवसभर लोखंडाला वाकवणारा गडी. घरात मात्र त्याचा हातोडा चालत नसे. ओट्यावर बसलेल्या त्याच्या दोस्तानं, साहेबरावानं, उगाच चष्मा पुसला. तो नव्या जिल्ह्याच्या पाटबंधारे कचेरीत नकाशे काढायचा. लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, जीपगाड्या आल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं होतं.

साहेबरावापुढं कलकत्त्याहून आलेला कागद होता. घागरीचा हा नवा घाट आपल्या नावावर लागावा, दुसऱ्या कुणी त्याची नक्कल करू नये, म्हणून शिवप्पानं तिकडच्या सरकारी कचेरीत अर्ज धाडला होता. चित्रं साहेबरावानं काढून दिली होती. समोरून, मागून, दोन्ही अंगांनी आणि वरून, ही सगळी झकास. घोडं अडलं खालच्या चित्रापाशी.

तेव्हाही केवळाबाईनं घागर पालथी करू दिली नव्हती. मग शिवप्पानं ती रिकामी करून दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरली आणि साहेबराव तिच्याखाली उकिडवा बसून, मान वर करकरून बघत राहिला. बुडाला आतल्या बाजूनं ठोकून केलेल्या वाटीत अंधार. वर शिवप्पाचे हात लटलटायला लागलेले. साहेबरावाला काळं दिसलं, त्यानं काळं काढलं.

"आता ते विचारून राहिले, वैनी," साहेबराव म्हणाला, "की हे काळं म्हणजे खड्डा हाय, का टेंगूळ हाय, का नुसता रंग फासलाय? चित्रावरून कळत न्हाई म्हणतात. अन् त्यांचं खोटं न्हाई. बाजूनं बघितली तर ही कुठलीबी घागर दिसती. सारी करामत बुडात, अन् बुडाचंच चित्र काळं."

"मग लिहून द्या की, दादा, खड्डा हाय म्हणून."

"लिहून भागत न्हाई. चित्रातच दिसाया पाहिजे."

आजच्या टपालानं नवं चित्र गेलं नाही, तर मुदत संपून अर्ज बाद होणार होता. तिकडं मोंढ्याच्या बाजारातल्या एका शेटजीनं असल्याच घागरी काढायला मशीन मागवलं होतं. त्याचा माल बाजारात उतरला की ही शिवप्पाची घागर म्हणून कोण ओळखणार? लोक तर आधीपासूनच दात काढत होते. "पत्रेवाल्याचा अर्ज अन् कलकत्त्याला! पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!"

केवळाबाईला ते सगळं कळत होतं. मागल्या उन्हाळ्यात विहिरीवरून येताना डोक्यावरची वरची घागर घसरली, ती सावरायला गेली आणि स्वतःच आपटली. मानेत भरलेली चमक कितीतरी दिवस गेली नाही. त्यानंतर शिवप्पानं ही वाटी शोधून काढली. खालच्या घागरीचा काठ वरचीच्या वाटीत बसायचा. ठेच लागली तरी वरची जागची हलायची नाही. तिच्या मानेपायी झालेली घागर होती ती. तिला नवऱ्याची माया आली, आणि रागही आला. हा बाबा एकदा तरी जोरानं का बोलत नाही?

"अवो, तुमाला काय वाटतं ते सांगा की," ती म्हणाली.

"तुझ्यासाठी केली," शिवप्पा म्हणाला. "तुझ्या मनाविरुद्ध पालथी घालून मला काय करायचंय? जाऊ दे अर्ज."

"यव्वा! असं बोलून माणसाला कोंडीत पकडायचं बघा!" ती करवादली आणि तरातरा आत गेली.

आतून पाण्याचा आवाज आला. घागरीतलं पाणी तिनं हंड्यात ओतलं, एक थेंब न सांडता. तेवढं एका तांब्यात मागं ठेवलं. मग घागर आणि तांब्या घेऊन बाहेर येऊन अंगणातल्या उन्हात, धुण्याच्या दगडावर तिनं घागर टेकवली, डोळे गच्च मिटले आणि पालथी घातली.

काही झालं नाही. शेजारची शेळी ओरडली, एवढंच.

साहेबराव लगबगीनं कागद घेऊन पुढं झाला.

"थांबा, दादा."

तिनं तांब्या उचलला आणि बुडाच्या वाटीत हळूहळू पाणी ओतलं. वाटी भरली.

"आता पालथी हाय, पण रिकामी न्हाई," ती म्हणाली. "आता काढा."

साहेबराव काढायला बसला. उन्हात वाटीचा काठ लख्ख दिसत होता, आत पाणी चमकत होतं. ह्या खेपेला त्याला काळं काढायची गरज पडली नाही.

शिवप्पा गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि बघतच राहिला. पालथ्या घागरीवर पाणी थांबलं होतं. काठोकाठ.