छतावरचा सिनेमा

‘‘ताई, फसलीस तू,’’ भाऊ खोकं उलटसुलट करून बघत म्हणाला. ‘‘या खोक्यावर लिहिलेलं एक अक्षर खरं नसतं. इतक्या स्वस्तात बरा प्रोजेक्टर मिळाला असता तर लोकांनी टीव्ही कशाला घेतले असते?’’

तिने मान वर केली. छतावर एक माणूस घोड्यावरून चालला होता. त्यातला माणूस कोणता आणि घोडा कोणता, ते मात्र कळत नव्हतं.

टीव्हीचा प्रश्नच नव्हता. नवरा चौदा महिने पाठीवर पडून होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा; शिडीवरून पडला आणि कमरेतून गेला. उशीला टेकवून बसवलं तरी दोन मिनिटांत कळवळायचा. त्याला दिवसभर दिसायचं ते फक्त छत. म्हणून तिने छतच कामाला लावलं. पलंगाच्या पायथ्याशी स्टूल, त्यावर प्रोजेक्टर, तोंड वर करून.

‘‘परत कर,’’ भाऊ जाता जाता म्हणाला. ‘‘सात दिवसांची मुदत आहे.’’

फसायची तिला आता सवय झाली होती. चार महिन्यांत चालायला लागतील, असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले होते. नवऱ्याचा ठेकेदार दोनदा फळं घेऊन आला, काळजी करू नका म्हणाला, मग फोन उचलेनासा झाला. प्रत्येकाने शब्द दिला आणि प्रत्येकाने तो फिरवला.

ती पडदे शिवायच्या कारखान्यात होती. मालकांनी दुसऱ्या शहरात शाखा काढली आणि तिला तिथली मुख्य म्हणून जायला सांगितलं. एकोणीस वर्षं मशीनवर मान मोडल्यावर आलेली संधी. घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, ‘‘जा की तू. मी काय, पडून राहीन कुठंही.’’ आणि तोंड भिंतीकडे वळवलं. दुसऱ्या दिवशी तिने मालकांना नाही म्हणून सांगितलं. तिच्याच हाताखाली शिकलेली मुलगी गेली.

रोज सकाळी ती त्याचं अंग पुसायची, एकटीने त्याची कूस बदलायची, चादर ओढून काढायची. आता तिलाच कमरेला पट्टा लागत होता.

प्रोजेक्टरची रड वेगळीच. उजेडात चित्र दिसायचंच नाही. तिने कारखान्यातून उरलेलं काळं अस्तर आणलं, तीन पदरी पडदा शिवून खिडकीला लावला. मग चित्र दिसलं. पण यंत्र तापलं की अर्ध्या तासात पुन्हा धूसर. दर वेळी उठून भिंगावरची कडी फिरवायची. ती घरात असली तर ठीक. ती कामावर गेल्यावर कोण फिरवणार?

‘‘परतच करते,’’ ती रविवारी म्हणाली.

‘‘अगं, राहू दे. धूसर तर धूसर,’’ नवरा म्हणाला. ‘‘तू माझ्यासाठी एवढ्या हौसेने आणलंस.’’

दिवसभर पुसट सावल्या बघून घेतो, पण तक्रारीचा चकार शब्द नाही. जगात एक माणूस तरी आपल्याशी खरा आहे, असं तिला वाटलं. त्याच्या कपाळावरचे केस तिने मागे सारले.

मंगळवारी संध्याकाळी ती घरी आली आणि दारातच थबकली. छतावर पिकलेलं शेत होतं, आणि त्यातलं एकेक कणीस वेगळं दिसत होतं. दोन तास झाले, चित्र धूसर झालं नाही.

‘‘अहो, हे कसं काय?’’

‘‘तापून तापून बसलं असेल जागेवर,’’ नवरा म्हणाला. ‘‘नवी यंत्रं अशीच असतात.’’

शनिवारी भाऊ आला. मान वर करून अर्धा सिनेमा उभ्यानेच पाहिला, मग कान पकडले. ‘‘ताई, हरलो. मलाही आण एक.’’

‘‘तुझ्या ताईची निवड कधी चुकलीय का?’’ नवरा पलंगावरून म्हणाला. तिघंही हसली. ती तर कित्येक महिन्यांनी इतकी मोकळी हसली.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती दुकानात गेली. दुकान चौथ्या मजल्यावर. तिला बघताच दुकानदाराचा चेहरा पडला.

‘‘आता काय झालं, ताई?’’

‘‘तक्रार नाही हो. आणखी एक हवाय, भावासाठी.’’

‘‘मग तसं म्हणा की!’’ त्याची कळी खुलली. ‘‘बदलून दिलेला नीट चालतोय ना? पहिल्याचं भिंगच सैल होतं. माझीच चूक, मी तपासून द्यायला हवा होता.’’

‘‘बदलून दिलेला? कधी?’’

‘‘मंगळवारी. अकराच्या सुमारास. तुमचीच पावती आणली होती.’’

तिला क्षणभर कळेना, मग एकदम उलगडा झाला. भाऊच! घराची एक किल्ली त्याच्याकडे असते. गुपचूप बदलून नेलं आणि वर हरल्याचं सोंग केलं. लबाड कुठला! तिचा ऊर भरून आला.

‘‘माझा भाऊ आला असेल.’’

‘‘भाऊ? नाही, पावतीवर नाव बघून मी विचारलं, तर म्हणाले, मी त्यांचा नवरा.’’ दुकानदाराने वही तिच्यापुढे फिरवली. ‘‘ही बघा सही.’’

सही वळणदार होती, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली. तशी सही तिच्या ओळखीत एकाच माणसाची होती. तिने काउंटरची कड धरली.

‘‘मोठे गमतीचे आहेत हो,’’ दुकानदार नवं खोकं पुसता पुसता सांगत होता. ‘‘त्या दिवशी लिफ्ट बंद होती. चार मजले जिन्याने आले, हातात ते जुनं खोकं. मी म्हटलं, दम नाही लागला? तर हसून म्हणाले, बायको कामावर गेली की रोज तासभर चालतो मी.’’