शेवटच्या सामन्याची दाढी

आमच्या सस्कॅचेवनमध्ये बर्फावरच्या हॉकीची अंतिम मालिका लागली की ती संपेपर्यंत दाढी करायची नाही. खेळाडूंनी नाही आणि गावानंही नाही. मी गावचा न्हावी. धंदा बसतो, पण कुरकुर करायची सोय नाही. दुकानाला कुलूप लावतो आणि किल्ली खिशात ठेवतो.

तरी यंदा एका सामन्याच्या सकाळी खुर्चीखाली दाढीचे ताजे, तांबडे केस पडले होते. त्या संध्याकाळी तांबड्या दाढीच्या लार्सला बर्फावरून उचलून न्यावं लागलं आणि आम्ही हरलो. पुढे एकदा काळे, कुरळे केस दिसले. त्या दिवशी आमचा गोलरक्षक कोसळला. ज्या सकाळी फरशी स्वच्छ असायची, त्या दिवशीचा सामना आम्ही जिंकायचो.

मालिका बरोबरीत आली. आज शेवटचा सामना.

सकाळी खुर्चीखाली पाहिलं, तर केस पांढरेशुभ्र! संघात पांढऱ्या दाढीचं कोण आहे? कुणीच नाही. माझा जीव भांड्यात पडला. तसाच धावत कॉफीच्या दुकानात गेलो आणि ओरडलो, "आज आपणच जिंकतोय रे! माझा शब्द!"

कुणी टाळी वाजवली नाही. कप्तान ड्वेन कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

"ऑरेस्टकाका, अख्ख्या गावानं दाढी राखली, आणि तुम्ही आजच चकाचक?"

"सकाळी सकाळी थट्टा नको हं, ड्वेन."

"थट्टा कोण करतंय?"

मी हनुवटीला हात लावला. कानामागचा साबणाचा फेस अजून कोमट होता.