पावती रद्द नको

विम्याचा कागद दाखवला नाही म्हणून अपघाताच्या जागीच लेकीच्या नावावर फाडलेली पावती घेऊन निवृत्त मास्तर वाहतूक शाखेच्या खिडकीशी उभे राहिले. कारकुनाला माणुसकीचा उमाळा आला.

“विमा चालू होता ना, काका? मग पावती आत्ता रद्द करतो. गेलेल्या माणसाला कसला दंड!”

“रद्द नको. शिक्का मारून नक्कल द्या.”

“कशाला जिवाला घोर लावून घेता?”

“तुमच्या पंचनाम्यात ती धडकेसरशी जागच्या जागी गेली, असं आहे.” मास्तरांनी चष्मा पुसला आणि पावतीवरचा शेरा सावकाश वाचला. “इथे तुमचेच हवालदार लिहितात, ‘चालक महिलेकडे कागद तीनदा मागितला. दोनदा तिने पाणी मागून टाळाटाळ केली. तिसऱ्यांदा उत्तर दिले नाही.’”