मागच्या रांगेपर्यंत

माईक हातात आला आणि मिस्त्रींनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. एकतीस वर्षं कारखान्यातली यंत्रं त्यांच्या धाकात होती, पण चारचौघांत बोलायची वेळ आज निवृत्तीच्या दिवशीच आली होती. बोलायचं ते त्यांनी त्यावर लिहून आणलं होतं.

पहिल्या रांगेत मालक एकटेच बसले होते. अगदी मागे, दाराशी, वहिनी. तिचा नवरा मिस्त्रींचा कामातला जोडीदार. गेल्या वर्षी प्रेसमध्ये, पत्रा दाबायच्या यंत्रात, सापडून गेला. चूक त्याचीच, असं चौकशीत ठरलं होतं. पलीकडच्या शेडमध्ये दुसरी पाळी सुरू होती आणि तिचा धडधडाट भिंतीतून आत येत होता.

"मालक, मित्रहो, आज मला एक खरं सांगायचंय."

एवढं दारापर्यंत खणखणीत पोचलं आणि माईकने मान टाकली, आवाज बंद पडला.

मिस्त्रींना ते कळलंच नाही. प्रेसच्या आवाजाने त्यांचे कान केव्हाच गेले होते. खाली मान घालून ते वाचत राहिले. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला जाळी असते. काम भराभर उरकावं म्हणून मालकांनी ती काढायला लावली. मी माझ्या हाताने काढली. त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंसुद्धा नाही. चूक त्याची नव्हती.

वाचून झालं तेव्हा त्यांचा शर्ट घामाने भिजला होता. मालकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. मागे लोक जांभया देत होते. मग मालकांनीच पहिली टाळी वाजवली आणि सगळा हॉल टाळ्या पिटू लागला.

"हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग," माईकवाल्याने वायर हलवली. आवाज दणदणीत आला.

वहिनी गर्दीतून वाट काढत पुढे आली आणि मिस्त्रींच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "भावजी, काय बोललात हो? मागे काही म्हणता काही ऐकू आलं नाही."

मिस्त्रींनी तोंड उघडलं. मालकांचा हात त्यांच्या खांद्यावर येऊन पडला होता. एकदा ते बोलून चुकले होते. पुन्हा बोलण्याएवढं बळ आता अंगात उरलं नव्हतं.

"काही नाही, वहिनी. सगळ्यांचे आभार मानले."

"ह्यांचं नाव घेतलंत?"

"घेतलं."

वहिनीचे डोळे भरून आले. ती मालकांकडे वळली.

"इतक्या लोकांत ह्यांचं नाव घेऊ दिलंत, साहेब. फार उपकार झाले."