पहिल्या कंटेनरचा नारळ

"हे बघा, कुंदाताई." मालकांनी मोबाइल तिच्यापुढे धरला. रॉटरडॅमहून आलेल्या, कंटेनरमधल्या तापमानाच्या आलेखात रेघ सव्वीस दिवस शून्यापाशी सरळ गेली होती. फक्त निघतानाच ती टेकडीसारखी चढली होती. "मी मुंबईला होतो त्या दिवशी कंटेनर चाळीस मिनिटं उघडा राहिला. द्राक्षांना घाम सुटला, बुरशी धरली. सगळा माल तिकडे फेकून दिला. दार कुणी उघडं ठेवलं?"

पेट्या भरून ड्रायव्हर दार लावणार, तेवढ्यात मालकांच्या वडिलांचा, तात्यांचा निरोप आला होता, 'मी येईपर्यंत दार लावू नका.' हंगामातल्या पहिल्या कंटेनरचा नारळ दरवर्षी तात्याच फोडत, आणि तोही उघड्या दारापुढे. बंद दारापुढे फोडला तर माल परत येतो, अशी त्यांची श्रद्धा. यंदा अर्धांगवायूनं लुळा पडलेला पाय ओढत त्यांना घरापासून पॅकहाउसपर्यंत पोचायला चाळीस मिनिटं लागली. तोवर कुंदानंच दार धरून ठेवलं होतं.

"मीच विसरले लावायला," ती म्हणाली.

"मग उद्यापासून येऊ नका."

एकोणीस वर्षं इथं काम केलेली कुंदा डबा पिशवीत कोंबून निघाली. ओसरीवरच्या खाटेवरून तात्यांनी हाक मारली. "कुंदे, माझा नारळ लाभला ना गं?"

"लाभला की, तात्या."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "मग पुढच्या साली पण मीच फोडणार. तू तेवढं दार धरून ठेव."