पाठीवरचा तुकडा

नव्या गणवेशाच्या कापडाने पुरळ उठते की नाही, हे ठरवण्यासाठी दोन दिवस तिच्या पाठीवर चिकटवलेला तुकडा कंपनीच्या डॉक्टरांनी सोलून काढला. “बघा, पाठ कोरी करकरीत! कापड निर्दोष, बाई. नाजूक तुमची कातडी. तसा शेरा मारतो.” त्या शेऱ्याने नोकरी जाणार, हे तिला ठाऊक होते. मान, काखा, कंबर महिनाभर पेटलेल्या. भांडायचे त्राण उरले नव्हते. तरी एकोणीस वर्षे कापड तपासत आलेल्या बोटांनी सवयीने तो तुकडा चाचपला. मऊसूत, धुवट, निव्वळ सुती. “डॉक्टरसाहेब, हे गणवेशाचं कापड नव्हे.” “अहो, कापड ते कापड! त्यात काय एवढं?” तिने मांडीवरचा गणवेशाचा कोट उचलून टेबलावर ठेवला. “मग यातला तुकडा तुमच्या मनगटावर चिकटवा. दोनच दिवस.” कोट बाजूला सारण्यापूर्वी डॉक्टरांनी खणातले रबरी हातमोजे काळजीपूर्वक हातांवर चढवले.