आमटीतलं मीठ

रेजिनानं पळीला लागलेली आमटी चाखली. खारट! आधी तिनं मीठ घातलं होतं, मग तिच्यासोबत रांधणाऱ्या ब्रिजीतमावशींनीही. कोण कोणाला सांगणार? चर्चच्या रिट्रीटला, म्हणजे प्रार्थना-शिबिराला, बसलेल्यांचं मौन स्वयंपाकघरात सेवेला आलेल्या बायकाही पाळत होत्या. आणि आमटीचं पातेलं तर केव्हाच जेवणघरात गेलं होतं.

तिनं दाराच्या फटीतून पाहिलं. शेवटच्या बाकावर तिचा नवरा बसला होता. फादरांनी वर्षभर विनवण्या केल्या, तेव्हा कुठे तो पहिल्यांदा रिट्रीटला आला होता. घरी मीठ कमीजास्त झालं की तो ताट भिरकावायचा, वर हातही उगारायचा.

त्यानं घास घेतला. चावता चावता थांबला आणि थेट स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागला. रेजिना फटीपासून जरा मागे सरली. पण त्यानं आमटीत पाणी ओतलं आणि मुकाट्यानं जेवण संपवलं.

इथं आपलं ताट आपणच धुवायचं असतं. ती मोरीपाशी पातेली घासत होती. तो उष्टं ताट घेऊन आला, अगदी तिच्या शेजारी उभा राहिला. इकडेतिकडे बघून त्यानं एकदम हात वर केला.

रेजिनानं दोन्ही कोपरांत तोंड लपवलं.

मार बसला नाही. तिनं हळूच डोळे उघडले. तिच्या डोक्यावरच्या फळीवर साबण होता. त्याचा हात तिथपर्यंत जाऊन तसाच थांबला होता. तो साबणाकडे बघत नव्हता. तिच्या उचललेल्या कोपरांकडे बघत होता.